ख्रिस्तजन्माची कथा आणि आपले रोजचे ख्रिस्ती जीवन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आगमनकाळ (नाताळच्या आधीचे आठवडे) सुरू झाला की मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांतून काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. वाचकांत कॅथलिकही आहेत आणि प्रोटेस्टंटही, म्हणून कुठे मिसा, कुठे उपासना असे दोन्ही शब्द येतील. आमचा रोख एकाच गोष्टीवर आहे. जन्मकथेतली माणसे देवदूत निघून गेल्यावर उठून कामाला लागतात. ती काय करतात ते नीट पाहिले की आपल्याला काय करायचे तेही बरेचसे कळते.

जन्मकथा पवित्र शास्त्रात नेमकी कुठे आहे? घरी वाचायची कशी?

मत्तय अध्याय १ व २ आणि लूक अध्याय १ व २, एवढ्यातच. मार्क थेट बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतो, योहान 'शब्द देही झाला' असे सांगतो. गव्हाणी, तारा, मेंढपाळ या दोघांकडेही नाहीत. चारही अध्यायांची मिळून १८० वचने होतात. वाचनासाठी त्यांतल्या जन्मकथेचे ११ भाग सोयीचे पडतात: लूक १:५-२५, १:२६-३८, १:३९-५६, १:५७-८०, मग मत्तय १:१-१७ आणि १:१८-२५, पुन्हा लूक २:१-७, २:८-२०, २:२१-४०, शेवटी मत्तय २:१-१२ आणि २:१३-२३.

१८ डिसेंबरला सुरुवात करून दिवसाला एक भाग वाचला, तर २४ ला सातवा भाग म्हणजे प्रत्यक्ष जन्म येतो आणि २५ ला मेंढपाळ. उरलेले तीन भाग ६ जानेवारीपर्यंत सावकाश वाचावेत. कोणताही भाग मोठ्याने वाचायला पाच मिनिटे पुरतात.

हा बेत बहुधा दोन कारणांनी फसतो. एक तर सगळे २४ च्या रात्रीवर ढकलले जाते, आणि तेव्हा घरात केक, इस्त्री आणि कॅरल पार्टीची गडबड असते. दुसरे, वाचून झाल्यावर घरातले कोणीतरी वीस मिनिटे प्रवचन देते. मग तिसऱ्या दिवशी मुले गायब. वाचा, एक प्रश्न विचारा, प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा.

गोठ्याच्या देखाव्यातल्या कोणत्या गोष्टी शास्त्रात नाहीत?

बऱ्याच. मरीया गाढवावर बसून आली असे कुठेही लिहिलेले नाही. बैल आणि गाढव लूकमध्ये नाहीत. यशया १:३ मध्ये बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखते असे आहे, तिथून ते परंपरेत आले. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून ताऱ्यामागे आलेले ज्ञानी, तीन होते असे मत्तय म्हणत नाही, भेटी तीन होत्या. ते मेंढपाळांबरोबर त्याच रात्री पोचलेही नाहीत. मत्तय २:११ प्रमाणे ते 'घरात' गेले. आणि कापसाचे बर्फ आपण मुंबईकरांनीच घातलेले.

म्हणून देखावा करू नये असे मुळीच नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा केला तो लोकांना ही कथा डोळ्यांनी दिसावी म्हणून, आणि ते काम देखावा आजही करतो. अडचण होते ती देखाव्यावरून शिकवण काढताना. उदाहरणार्थ, 'दार लावून घेणारा निर्दयी उतारशाळावाला' दरवर्षी कुठल्या ना कुठल्या नाटकात असतोच. लूकमध्ये असा माणूसच नाही. जागा नव्हती, एवढेच एक वाक्य आहे. त्यावरून कोणाला दोष द्यायचे कारण नाही. जागा नसताना जी होती ती वापरली गेली, हा त्यातला धडा घेण्यासारखा आहे.

देवाला प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास का? मग जखऱ्या मुका झाला तो का?

लूकने पहिल्याच अध्यायात हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवले आहेत, ते एकत्रच वाचावेत. जखऱ्या हा निपुत्रिक, म्हातारा याजक मंदिरात धूप जाळतो आहे, आणि देवदूत त्याला सांगतो की तुझी विनंती ऐकण्यात आली आहे, तुला मुलगा होईल. स्वतःच मागितलेले मिळते आहे, तरी तो खूण मागतो: हे मी कशावरून समजू? त्यावर मूल होईपर्यंत त्याची वाचा जाते. मरीयेने काहीच मागितलेले नाही. ती विचारते: हे कसे होईल? तिला उत्तर मिळते, आणि ते ऐकल्यावर ती म्हणते, 'पाहा, मी प्रभूची दासी.'

तेव्हा प्रश्नाला बंदी नाही. प्रश्न पुढे जाण्यासाठी आहे की जागचे न हलण्यासाठी, हे ज्याने त्याने स्वतःशी पाहावे. जखऱ्यालाही देव टाकून देत नाही, हे विसरू नये. मुलाच्या नाव ठेवण्याच्या दिवशी त्याची वाचा परत येते आणि तोंडून पहिली निघते ती स्तुती.

होकारानंतर मरीया काय करते तेही शिकण्यासारखे आहे. ती लगबगीने यहूदाच्या डोंगराळ भागात अलीशिबेकडे जाते. अलीशिबा ही जखऱ्याची बायको, मरीयेची नातलग, म्हातारपणी गरोदर राहिलेली. नासरेथपासून ते अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, आणि तिथे ती सुमारे तीन महिने राहते. म्हणजे अवघड निर्णय घेतलेली तरुण मुलगी एकटी कुढत बसली नाही. वयाने मोठ्या, तशाच वाटेने चाललेल्या बाईकडे गेली. नोकरी सोडणे, लग्न, व्रतस्थ जीवनाची हाक, घरच्यांच्या मनाविरुद्धचा निर्णय, यांपैकी काही समोर असेल तर असे एक माणूस शोधा. एकच. दहा जणांना विचारले की दहा सल्ले मिळतात आणि बातमी फुटते ती वेगळीच.

योसेफ तर कथेत एक शब्दही बोलत नाही. त्याच्याकडून काय घ्यायचे?

आमच्या मते पुरुषांनी या कथेत सगळ्यात आधी योसेफच वाचावा. त्या काळी वाङ्निश्चय कायद्याने लग्नाइतकाच बांधील असे, तो मोडायला सोडचिठ्ठी लागे. मरीया गरोदर आहे हे कळले तेव्हा त्याला स्वप्न अजून पडलेले नव्हते. त्याच्या दृष्टीने त्याची फसवणूक झाली होती, आणि तरी त्याने तिची बेअब्रू न करता गुपचूप सोडण्याचे मनात आणले. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो तो इथे. देवदूत त्यानंतर येतो.

हा धडा मुंबईत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटापासून प्रार्थना गटापर्यंत सगळीकडे लागू आहे. आपल्याकडे बेअब्रू पुष्कळदा 'प्रार्थनेचा विषय' म्हणून पसरते: अमक्याची मुलगी, तमक्याचे दारूचे, यांचा घटस्फोट. काही नियम पाळता येतील. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याची आधी परवानगी घ्या. ती नसेल तर नाव, इमारत, पॅरिश यांतले काहीही लिहू नका. 'एका कुटुंबासाठी' एवढे देवाला पुरते. आजाराचे नाव आणि रिपोर्टचा फोटो कधीच नको. आणि तुमच्याकडे असा संदेश आला, तर तो पुढे न पाठवता प्रार्थना करून तिथेच थांबवा.

दुसरी गोष्ट त्याच्या आज्ञापालनाची. मत्तयात योसेफाला चार वेळा स्वप्नात सूचना मिळते: मरीयेचा स्वीकार कर, मिसरला पळ, परत ये, गालीलाकडे जा. दर वेळी फक्त पुढचे एक पाऊल सांगितले जाते. मिसरला किती वर्षे राहायचे हे त्याला सांगितलेले नाही, आणि तो रातोरात निघतो. पूर्ण आराखडा हाती आल्याशिवाय हलणार नाही असे म्हणणाऱ्यांनी ही चार स्वप्ने एकदा ओळीने वाचावीत.

मत्तयाच्या वंशावळीतली नावे मुलांना कंटाळवाणी वाटतात. वगळली तर चालेल?

चालेल, पण मोठ्यांनी वगळू नयेत. चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत मत्तयाने मरीयेच्या आधी चार स्त्रियांचा उल्लेख केला आहे: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. राहाब कनानी, रूथ मवाबी, म्हणजे दोघी परराष्ट्रीय. घराण्याची शुद्धता मिरवायची असती तर कोणीही लेखकाने नेमकी हीच नावे गाळली असती.

आपल्याकडे बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या लोटल्या तरी स्थळ बघताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न विचारला जातो, कधी आडून, कधी उघड. नाताळात या वंशावळीचे वाचन करायचे आणि जानेवारीत तोच प्रश्न विचारायचा, हे जुळत नाही. घरात लग्नाच्या वयाचे मूल असेल तर आई-वडिलांनी हे बोलणे आधीच करून ठेवावे, स्थळ आल्यावर नाही.

आमची दहा बाय बाराची खोली. पाहुणचार कुठे आणि कसा करायचा?

बाळाला गव्हाणीत ठेवावे लागले त्या कथेत ही अडचण नवी नाही. घरात चार माणसे असतील तर एकच पाहुणा बोलवा, फार तर दोन. ज्याला त्या दिवशी जायला जागा नाही असा बघा: वसतिगृहातला विद्यार्थी, गावाहून आलेली नर्स, एकटे राहणारे निवृत्त शेजारी, इमारतीचा वॉचमन.

निदान आठवडाभर आधी सांगा. २४ ला रात्री 'उद्या या ना' म्हटले की समोरच्याला आपण आयत्या वेळचे आहोत हे कळते. काय खात नाहीत ते विचारा. परतीची गाडी बघा. रविवारी बोलावत असाल तर मेगा ब्लॉक कोणत्या मार्गावर आहे तेही. जागा कमी असेल तर जेवण दोन पंगतींत करा, आणि पहिल्या पंगतीत घरातले एक माणूस पाहुण्याबरोबर बसू द्या. सोरपोतेल किंवा दुसरा व्हिनेगरचा पदार्थ दोन दिवस आधी करून ठेवला तर तो मुरून चांगला लागतो, आणि यजमानीण दिवसभर स्टोव्हपाशी अडकत नाही. रोज एकदा उकळी मात्र आणा. पाहुण्याशी बोलायला घरात कोणीच मोकळे नसणे, हीच पाहुणचारातली सर्वांत नेहमीची चूक.

परळच्या रुग्णालयांबाहेर पदपथावर राहणाऱ्या कुटुंबांसाठी काही करायचे आहे. सुरुवात कुठून?

उतारशाळेत जागा नसलेली माणसे मुंबईत बघायची तर परळला. टाटा स्मारक रुग्णालयात उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांना निवारा मिळेपर्यंत रस्त्याकडेला राहावे लागते. मदत करायची इच्छा पुष्कळांना असते; ती बिनसते कुठे तेवढे सांगतो.

शिजवलेले अन्न घेऊन थेट जाऊ नका. केमोथेरपी चालू असलेल्यांची प्रतिकारशक्ती घटलेली असते. कापलेली फळे, कच्ची कोशिंबीर, उघड्यावर राहिलेली मिठाई यांनी जंतुसंसर्ग होऊ शकतो. आधी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाला विचारा. कोणाला औषधाचे पैसे कमी पडतात, कोणाला धर्मशाळेच्या खोलीचे भाडे, हे त्यांना ठाऊक असते. परतीच्या प्रवासाला रेल्वेची कर्करुग्णांसाठीची सवलत आहे. तिला रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते आणि ते कसे मिळवायचे हे गावाहून आलेल्यांना अनेकदा माहीत नसते. फॉर्म भरून द्यायला मराठी-हिंदी लिहिणारा एक माणूस तासभर बसला तरी मोठे काम होते.

फोटो काढू नका. पत्रके वाटू नका. मदतीच्या आधी किंवा नंतर प्रार्थनेची अट नको. कोणी स्वतःहून 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हटले तर करा, हळू आवाजात. आणि २५ डिसेंबरलाच जाण्याचा हट्ट सोडा. सणाच्या दिवशी मदत घेऊन येणारे पुष्कळ असतात. फेब्रुवारीत कोणी नसते.

नाताळचा खर्च किती करावा?

आकडा सांगणे आमचे काम नाही, पण जन्मकथेतला एक हिशेब दाखवतो. मुलगा झाल्यावर आईच्या शुद्धीकरणासाठी ४० दिवसांनी अर्पण करायचे असे. नियम एक वर्षाच्या कोकराचा होता, आणि ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले (लेवीय १२:८). लूक २:२४ वरून दिसते की योसेफ-मरीयेने हे दुसरे, गरिबाचे अर्पण केले. लोकांत दिसावे म्हणून त्यांनी कोकरू आणले नाही.

नाताळ, बाप्तिस्मा, पहिले ख्रिस्तशरीर, लग्नाचा ब्रास बँड, या सगळ्यांना हे माप लावून पाहा. व्यवहारात असे करता येईल: नोव्हेंबरच्या शेवटी एकूण रक्कम कागदावर लिहा. समजा २०,००० रुपये. त्यातले दानाचे २,००० आधी बाजूला पाकिटात ठेवा; शेवटी उरेल ते देऊ म्हटले की काही उरत नाही. मग कपडे, फराळ, सजावट, प्रवास. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर नाताळ करू नका, कारण ते हप्ते शाळेच्या नव्या वर्षाच्या फीशी येऊन भिडतात.

मागी लोकांचे सोने योसेफाला मिसरच्या प्रवासात कामी आले, असे प्रवचनांत ऐकू येते. शक्य आहे, पण मत्तय तसे लिहीत नाही. त्यांच्याकडून घ्यायचे तर दुसरेच काही घ्यावे. हेरोद राजाच्या शास्त्री लोकांना मीखा संदेष्ट्याचे वचन तोंडपाठ होते, ख्रिस्त बेथलेहेमात जन्मणार हे त्यांनी बिनचूक सांगितले. यरुशलेमेहून बेथलेहेम आठ-नऊ किलोमीटर, दादरहून चर्चगेटला जाण्याइतके. त्यांच्यातला कोणी तिथे गेल्याचे मत्तय सांगत नाही. गेले ते परदेशी.

हेरोदाने बालके मारली तो भाग मुलांना सांगावा का? आणि ज्या घरात यंदा मृत्यू झाला आहे त्यांनी नाताळ कसा करावा?

साधारण सात-आठ वर्षांखालच्या मुलांना एवढे पुरते की दुष्ट राजामुळे योसेफ-मरीयेला बाळाला घेऊन रात्री दुसऱ्या देशात पळावे लागले. त्याहून मोठ्यांना पूर्ण सांगावे. बातम्यांत ती याहून वाईट पाहतात. २८ डिसेंबर हा त्या निष्पाप बालकांचा स्मरणदिन आहे, तो दिवस योग्य.

मृत्यू झालेल्या घराचा प्रश्न आम्ही मुद्दाम इथे जोडला. मत्तयाने जन्मकथेतच आपल्या गेलेल्या मुलांसाठी रडणाऱ्या राहेलीचा आक्रोश ठेवला आहे, जी सांत्वन पावू इच्छित नाही. त्यामुळे अशा घरावर आनंदाची सक्ती करू नये. तारा लावायचा की नाही, फराळ करायचा की नाही, ते त्यांच्यावर सोडा. भेटायला जा, वीस मिनिटे बसा, गेलेल्याचे नाव घेऊन बोला. 'देवाची इच्छा' हे शब्द टाळा. डबा नेत असाल तर परत न मागण्याच्या डब्यातून न्या.

नाताळच्या दिवशी ड्यूटी आहे. मिसा-उपासना चुकते याचे वाईट वाटते.

पहिली बातमी ड्यूटीवर असलेल्यांनाच मिळाली. मेंढपाळ रात्रपाळीला होते, आणि बाळाला पाहून झाल्यावर देवाचे गौरव करत परत गेले. रुग्णालय, पोलीस, बेस्ट, विमानतळ अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी २४ ची संध्याकाळ आणि २५ ची सकाळ या दोन्ही वेळा आधी विचारून ठेवाव्यात. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध असल्याने अनेक ठिकाणी 'मध्यरात्रीची' मिसा मध्यरात्रीच्या बरीच आधी सुरू होते. गेल्या वर्षीच्या वेळेवर विसंबू नका.

२५ डिसेंबर हीच खरी जन्मतारीख का?

शास्त्रात तारीख नाही. रोममध्ये २५ डिसेंबरला हा सण होत असल्याची जुनी नोंद इ. स. ३३६ ची आहे. हेरोद इ. स. पू. ४ च्या सुमारास मेला असे बहुतेक इतिहासकार मानतात, म्हणजे जन्म त्याच्या आधीचा. यावर शेजाऱ्याशी वाद घालण्यात नाताळ घालवू नये.

हिंदू, मुस्लिम शेजारी विचारतात तेव्हा कथा कशी सांगावी?

थोडक्यात, आणि विचारले तेवढेच. तीन-चार वाक्ये बसवून ठेवा: देव माणूस होऊन गरीब घरात आला, पहिल्यांदा मेंढपाळांना कळले, राजाला भीती वाटली, आई-वडिलांना परक्या देशात आसरा घ्यावा लागला. कोणी कंस आणि कृष्णजन्माची आठवण काढली तर खोडून काढायला धावू नका; त्यांना सांगू द्या, ऐका, मग आपले सांगा.

फराळाच्या ताटाबरोबर दोन गोष्टी स्पष्ट बोला. केकमध्ये अंडे आहे का, आणि फळे रममध्ये भिजवली होती का. कलकलच्या पिठातही पुष्कळ घरी अंडे असते. शाकाहारी घरी बिनअंड्याच्या नेवऱ्या आणि मिल्क क्रीम वेगळ्या डब्यात द्या. ताट उतरवून मोकळे होण्यापेक्षा त्यांच्या दारात पाच मिनिटे उभे राहा.

तारा उतरवल्यावर पुढे काय?

६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, मागी लोकांच्या भेटीचा. मुंबईत तो जवळच्या रविवारी साजरा होतो. आणि २ फेब्रुवारीला, म्हणजे ४० व्या दिवशी, बाळ येशूच्या मंदिरातल्या समर्पणाचा दिवस. कॅथलिक मंडळी त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित करून घरी नेतात.

त्या दिवसाची खरी माणसे शिमोन आणि हन्ना, मंदिरात बाळाला ओळखणारे दोघे. लूक हन्नेच्या संदर्भात ८४ वर्षांचा उल्लेख करतो. ती मंदिर सोडून जात नसे, आणि बाळाविषयी तिनेच भेटेल त्याला सांगितले. आपल्याकडे या वयाची माणसे जिन्यामुळे चर्चला येऊ शकत नाहीत, विशेषतः लिफ्ट नसलेल्या जुन्या चाळींत आणि संक्रमण शिबिरांत. आपल्या मजल्यावर असे कोणी असेल तर जानेवारीच्या मध्यापर्यंत पॅरिश कार्यालयात किंवा पाळकांना कळवा: नाव, मजला, लिफ्ट आहे की नाही, ऐकू कितपत येते, आणि घरी ख्रिस्तप्रसाद घ्यायला कोणती वेळ बरी. कळवण्याआधी आजी-आजोबांना स्वतःला विचारा. पुष्कळदा मुले परस्पर 'नको' म्हणून मोकळी होतात.